सांबा आणि दोन तऱ्हांची कुलुपे

सुरतेच्या पर्वत पाटिया भागातील एका कापडाच्या पेढीचे संगणक मी सांभाळतो. हिशेबाच्या फाइली युनिक्स यंत्रावर असतात, कारकून मात्र विंडोजवर बसतात. दोघांत दुभाषाचे काम करते ‘सांबा’. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ते कॅनबेरा येथे १९९२ साली प्रथम प्रसिद्ध केले.

खरी मेख आहे ती कुलपाची. विंडोजवरील प्रोग्राम फाइल उघडताना इतरांना मज्जाव करू शकतो. सांबा तो पाळते. युनिक्सचे नेहमीचे कुलूप मात्र केवळ सल्लावजा! जो प्रोग्राम विचारपूसच करीत नाही, तो खुशाल लिहून जातो. मग एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीखाली पुसली जाते. उधारीच्या धंद्यात हे परवडेल कसे? म्हणून मी कोणालाही थेट युनिक्सवरून त्या फाइलींना हात लावू देत नाही. रात्रीची नक्कलसुद्धा कचेरी बंद झाल्यावरच काढतो.