मनाचेही दुखणे असते

ताप आला, की आपण अंगाला हात लावून पाहतो. पाय मुरगळला, तर सूज दिसते. पण मन दुखले तर? ते डोळ्यांना दिसत नाही. मग घरचे म्हणतात, "काही झालं नाही, सोंग करतोय." असे म्हटले, की दुखणे आणखी आत जाऊन बसते.

नागपूरला सरकारचे मोठे मनोरुग्णालय आहे. ते १८६४ साली सुरू झाले. ठाणे, पुणे आणि रत्नागिरी इथेही अशी जुनी सरकारी मनोरुग्णालये आहेत. नागपूरच्या रुग्णालयाजवळच्या चौकाला लोक 'पागलखाना चौक' म्हणतात. नावातच लाज भरली आहे. ज्याला झोप येत नाही, ज्याचे मन खचले आहे, तो म्हणतो, "तिथं गेलो तर लोक मला वेडा म्हणतील." म्हणून तो जातच नाही.

आज आपण दोघांचा विचार करू. एक आहे दवाखान्यात राबणारी बाई. दुसरा आहे मदरशात राहून शिकणारा मुलगा.

दुसऱ्यांना सांभाळणारी

मार्च २०२० मध्ये कोरोना नागपुरात आला. एप्रिल २०२१ मध्ये तर हाहाकार उडाला. मेडिकल आणि मेयो ही नागपूरची मोठी सरकारी रुग्णालये. तिथे खाट मिळेना. परिचारिका अंगभर प्लास्टिकचा पोशाख चढवून तासन्‌तास उभ्या राहत. घामाने भिजत. पाणी पिण्याचीही सोय नसे. समोर माणसे दगावत. घरी गेल्यावर स्वतःचे लेकरू जवळ घेता येत नसे.

गावोगावच्या आशाताईंचेही तसेच. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम काढली. आशाताई घरोघर फिरल्या. कुठे पाणी मिळाले, कुठे दार लावून घेतले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशाताईंचा गौरव केला. गौरव झाला, हे चांगलेच. पण गौरवाने रात्रीची झोप परत येत नाही.

साथ ओसरली, तरी काम ओसरत नाही. रात्रपाळी आहे. रुग्णाच्या नातलगांचा राग आहे. बाई सगळ्यांची नाडी पाहते. तिची कोण पाहणार?

घरापासून दूर असलेला

आता मुलाकडे वळू. मदरसा म्हणजे मुसलमान मुलांना धर्माचे शिक्षण देणारी शाळा. काही मदरशांत मुले तिथेच राहतात, तिथेच जेवतात. पहाटेच्या नमाजाला उठतात. बरीच मुले सगळे कुराण तोंडपाठ करतात. त्याचे ३० भाग आहेत. रोज नवा पाठ करायचा आणि जुनाही विसरायचा नाही. हे मोठे कष्टाचे काम आहे. ते पुरे करणाऱ्या मुलाला मान मिळतो. त्याला हाफिज म्हणतात.

पण मूल ते मूल. दहा-बारा वर्षांच्या पोराला आईची आठवण येणारच. आपल्या आश्रमशाळेतल्या पोरालाही येते. ते रात्री पांघरुणात रडते. पाठ चुकू लागतो. पोट दुखते म्हणते, पण पोटात काही नसते. अशा वेळी त्याला आळशी म्हणू नये. मारू तर मुळीच नये.

दोघांचे एकच दुखणे

बाईला सगळे म्हणतात, "तू तर नर्स, तुला कसली भीती?" मुलाला म्हणतात, "एवढं चांगलं शिकतोस, रडतोस काय?" दोघांनाही तक्रार करण्याची चोरी. वरच्या माणसाला सांगावे, तर तो रागावेल. घरी सांगावे, तर घरचे घाबरतील. म्हणून दोघे गप्प राहतात. गप्प राहून ओझे वाढते.

ओळखायचे कसे?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप उडाली, जेवण जाईना, कशात मन रमेना, सारखी चिडचिड होते, जगणे नकोसे वाटते, अशी लक्षणे दिसली, तर उपचार हवा.

करायचे काय?

पहिले काम ऐकण्याचे. मध्ये बोलू नका. उपदेश करू नका. बाईला पाळी संपल्यावर विसावा मिळू द्या. घरी तिच्या हातातले काम घ्या. मुलाला आठवड्यातून एकदा तरी घरी फोन लावून द्या. खेळायला वेळ द्या. उस्तादांनी म्हणजे गुरुजींनी त्याला बाजूला बसवून प्रेमाने विचारावे.

कोणी म्हणेल, "दुआ करू, औषध कशाला?" दुआ जरूर करा. औषधही घ्या. इस्लाम औषधाला मना करत नाही. १२८४ साली कैरो शहरात सुलतान कलावूनने मोठा दवाखाना बांधला. त्यात मनाच्या रोग्यांचीही सोय होती. गुजरातेत उनावा गावी मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे 'दवा आणि दुआ' असे काम चालले. दर्ग्याच्या मुजावरांनीच लोकांना डॉक्टरांकडे पाठवले. देवळात जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन विचारा. जाणे जमत नसेल, तर १४४१६ हा क्रमांक फिरवा. 'टेली मानस' नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती फुकट आहे. रात्रंदिवस चालू असते. मराठीत बोलता येते.

कोणी "मला जगायचं नाही" म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटे सोडू नका. घरातले फवारणीचे औषध कुलपात ठेवा. "मरावंसं वाटतं का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट मन मोकळे होते. मग लगेच दवाखान्यात न्या.

२०१७ साली मनाच्या आजारासाठी नवा कायदा झाला. सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे हा आपला हक्क आहे. आजारी माणसाला साखळीने बांधणे बेकायदा आहे. जीव देऊ पाहणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता, असेच धरावे. त्याला शिक्षा नको, मदत हवी. असे हा कायदा सांगतो.

वाचा आणि सांगा

१. परिचारिका आणि मदरशातला मुलगा यांचे कोणते दुखणे सारखे आहे?
२. मन आजारी असल्याची तीन लक्षणे सांगा.
३. मोफत मदतीचा क्रमांक पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा. घरी भिंतीवरही लिहून ठेवा.
४. तुमच्या गावच्या आशाताईला या आठवड्यात विचारा, "ताई, तुम्ही कशा आहात?" त्या काय म्हणाल्या, ते वर्गात सांगू नका. फक्त ऐकून घ्या.