नडगीची जखम

चि. सुहास यास,


नडगीत रॉड घालून तुला घरी सोडल्याचं ताईने कळवलं. हाड डॉक्टरांनी बसवलं. वरची कातडी आता तुम्ही सांभाळायची. नडगीच्या पुढच्या बाजूला मांस असं नाहीच, कातडीखाली लगेच हाड. त्यामुळे तिथली जखम सावकाश भरते. टाके निघायला दोन-तीन आठवडेही लागतात. शेजारच्याचे दहाव्या दिवशी निघाले म्हणून घाई करू नकोस.

इतकी वर्षं वॉर्डात काढली, त्यावरून सांगते, घरी गेलेल्या जखमा बिघडतात त्या बहुधा मायेपोटी. भेटायला येणाऱ्याला पट्टी उचलून दाखवायची, कुणी हळद सुचवतं, कुणी खोबरेल. काही लावायचं नाही. पट्टी कोरडी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपर्यंत हात लावू नये. भिजली तर बदलावी, पण आधी ताईला बांगड्या मागे सारून, अंगठी काढून साबणाने हात धुवायला सांग. तिच्या अंगठीखाली कणीक असते, मी पाहिली आहे.

पाय छातीपेक्षा उंच ठेव, म्हणजे सूज उतरते. मात्र नुसत्या गुडघ्याखाली उशी नको, गुडघा आखडतो. आंबट खाल्लं की पू होतो, हे आजीचं मनावर घेऊ नकोस. जखम भरायला क जीवनसत्त्व लागतंच, तेव्हा लिंबू, आवळा खा. अंडी, डाळ, मासेही. आणि ती खिशातली पुडी! ताईला ठाऊक नसेल, मला आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या आखडतात, जखम रेंगाळते, हाड जुळायलाही उशीर होतो. रॉड नुसता आधार देतो, जुळायचं हाडालाच आहे.

सुरुवातीला थोडी लालसर लस येते, तिला घाबरू नये. पण लाली पसरू लागली, ठणका उतरायचा सोडून चढला, पू किंवा वास आला, ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नकोस. वरून बरं दिसतं आणि आत रॉडपाशी जंतू तसेच राहतात. पोटरी सुजून दुखू लागली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर रक्ताची गुठळी असू शकते. मग मध्यरात्र असली तरी थेट हॉस्पिटल.

वॉकर घेऊन पायावर किती भार टाकायचा, हे कागदावर लिहून दिलंय का? नसेल तर पुढच्या खेपेला विचारून घे आणि मला कळव.

तुझी,
मावशी