बेस ड्रमचे पान आणि पायाचा ठोका

स्नेहसंमेलनात ऑर्केस्ट्राचा पडदा वर गेला की प्रेक्षकांना प्रथम दिसतो तो बेस ड्रम. आकाराने सर्वांत मोठा, आणि बहुधा त्याच्या पुढच्या पानावर पथकाचे नाव रंगवलेले. परंतु त्याच्याइतकी हेळसांड दुसऱ्या कोणत्याही वाद्याची होत नसेल. गिटारवाला दर दोन गाण्यांनंतर तारा जुळवतो, तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकत बसतो आणि आपण सारे ते मुकाट्याने ऐकून घेतो. ड्रमवाला मात्र ‘ड्रमला कसला आलाय सूर!’ असे म्हणून थेट वाजवू लागतो. मग आवाज रिकाम्या पिंपासारखा येतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत वादकाची पोटरी भरून येते. या दोन तक्रारी वेगवेगळ्या समजल्या जातात. पहिलीसाठी नवा ड्रम विकत घ्यावा म्हणतात, दुसरीसाठी नवे पेडल. वस्तुतः बऱ्याच वेळा ही एकाच दुखण्याची दोन लक्षणे असतात आणि ते दुखणे पानाच्या ताणात असते, हे या लेखात दाखवावयाचे आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात एकच माणूस हातातल्या काठ्यांनी छोटा आणि मोठा असे दोन्ही ड्रम वाजवीत असे. पायाने वाजवावयाची साधने तेव्हाही होती, पण ती संथ होती. १९०९ साली शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी जलद चालणारे पेडल तयार केले आणि भावाच्या साथीने त्याचा कारखाना काढला. दुसरा मोठा बदल १९५७ च्या सुमारास झाला : वासराच्या कातड्याऐवजी पॉलिएस्टरची पाने आली. कातडे पावसाळी हवेत ढिले पडते, कोरड्या हवेत आवळते. प्लॅस्टिकच्या पानाला हवेचे एवढे सोयरसुतक नाही. गैरसमजाचे मूळ कदाचित येथेच असावे. पान हवेने बिघडत नाही, म्हणजे ते जुळवावेच लागत नाही, असे आपण धरून चाललो.

माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवतात. शाळा त्यांनी चौथीत सोडली. कॉलेजात आलेला घरातला पहिला मीच. वरातीच्या आधी ते ढोल उन्हात ठेवतात, पावसाळ्यात जाळाजवळ धरतात, आणि मग कडेकडेने बोटाने टकटक करीत पूर्ण फेरी घेतात. ‘कातडं चारी अंगानं सारखं बोलतंय का ते बघायचं आधी,’ एवढेच त्यांचे शास्त्र. पुढे वाचनालयात ध्वनिशास्त्रावरचे एक पुस्तक हाती आले तेव्हा कळले, की तेथे आकृत्या काढून सांगितलेली गोष्ट हीच आहे. (मी कलाशाखेचा विद्यार्थी, भौतिकशास्त्राशी ओळख दहावीपुरतीच, हे प्राध्यापकांनी ध्यानात घ्यावे.)

ती गोष्ट अशी. गोल पानावर ठोका पडला की एकच स्वर निघत नाही. मूळ स्वर १ धरला तर त्यावरचे उपस्वर सुमारे १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या पटींत येतात. तबल्यावर आणि मृदंगावर शाई असल्यामुळे हे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींच्या जवळ येतात आणि म्हणून ती वाद्ये सुरात बोलतात. डॉ. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात सहकाऱ्यासह याविषयी लिहिले आहे. बेस ड्रमला शाई नाही. तेव्हा त्याचे उपस्वर सुरात आणता येत नाहीत, आवरता मात्र येतात. आणि ताण सगळीकडे सारखा नसेल तर एकाच उपस्वराची दोन रूपे होऊन ती एकमेकांशी भांडतात. पिंपासारखा आवाज येण्यामागे बरेचदा हे भांडण असते.

आता प्रत्यक्ष कृती. पेडल काढून ड्रम आडवा करावा, मागचे पान (म्हणजे ज्यावर ठोका पडतो ते) वर ठेवावे. सर्व बोल्ट सैल करून पान उतरवावे आणि लाकडी कडेवरची धूळ कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. पान परत बसवून बोल्ट प्रथम नुसत्या बोटांनी, जेवढे फिरतील तेवढेच फिरवावे. त्यानंतर चावी. एक बोल्ट अर्धा फेरा फिरवला की दुसरा त्याच्या अगदी समोरचा. शेजारचा घेऊ नये, नाहीतर पान एका बाजूला ओढले जाते. मध्ये तळहाताने दाबून पाहावे; सुरकुत्या दिसल्या तर पुन्हा एक फेरी. सुरकुत्या गेल्या की प्रत्येक बोल्टपासून दोन इंच आत बोटाने वाजवीत जावे आणि सगळीकडे एकच आवाज येईपर्यंत थोडे थोडे जुळवावे. याला अर्धा तास लागतो. येथे घाई करणाऱ्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल.

पुढचे पान असेच, पण किंचित अधिक ताणाचे ठेवावे. मग एक टॉवेल घडी करून आत तळाशी असा ठेवावा की तो मागच्या पानाला जेमतेम टेकेल. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तिच्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. परंतु कणीक वजनाने स्वर खाली आणते, टॉवेल फक्त आवाजाची लांबी कमी करतो. काहीजण अख्खी उशी कोंबतात. त्याने ड्रमचा आवाज सुधारत नाही, तो बंद होतो.

आता पायाकडे वळू. पान फार ढिले असेल तर बीटर त्यात रुततो आणि आपणहून परत येत नाही. वादकाला वाटते, पेडल सुस्त आहे. तो स्प्रिंग आवळतो. आता प्रत्येक ठोक्याला त्याला आधी स्प्रिंगशी झुंजावे लागते. पाय दमतो, लय मागे पडते. खरे म्हणजे बीटर परत फेकण्याचे अर्धे काम पानाचे आहे आणि ड्रममध्ये कोंडलेल्या हवेचेही आहे. पुढच्या पानाला भोक नसेल तर ती हवा गादीसारखी बीटरला मागे लोटते. भोक मोठे असेल तर पायाला पोकळ वाटते. लेड झेपलिनचा जॉन बोनहॅम २६ इंच व्यासाचा बेस ड्रम बऱ्यापैकी ताणून वाजवीत असे. त्याच्या पायाच्या चपळाईचे कौतुक करताना त्या ताणाचा वाटा कोणी मोजत नाही.

म्हणून स्प्रिंगला हात शेवटी लावावा. आधी पेडल ड्रमच्या रिंगवर सरळ बसले आहे का ते पाहावे. ड्रमचे पुढचे दोन पाय असे लावावेत की पुढची रिंग जमिनीपासून इंचभर उचललेली राहील. पाय न ठेवता बीटर ओढून सोडून द्यावा. तो झोपाळ्यासारखा बराच वेळ डोलला पाहिजे. दोन हेलकाव्यांत थांबला तर स्प्रिंगचा दोष नाही, सांधे कोरडे आहेत. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. एवढे झाल्यावर स्प्रिंग इतकीच आवळावी की पाय नुसता टेकवून ठेवला तर त्याचे वजन पेडल पेलू शकेल. बीटरचा दांडा लांब ठेवला तर ठोका जड पडतो, आखूड ठेवला तर पाय हलका चालतो. नमद्याचा बीटर मऊ, लाकडाचा टणक. ही आवडीची बाब आहे.

शेवटी कान. ड्रमजवळ बसलेल्याला जी कर्कश खणखण ऐकू येते, तिच्यातली बरीचशी सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतही नाही. म्हणून मित्राला मागे उभे करून ऐकावे आणि मगच टॉवेल हलवावा.

आपल्या महाविद्यालयाच्या डेड स्टॉक रजिस्टरात ‘ड्रमसेट – नादुरुस्त’ अशी नोंद आहे. या आधारे दरवर्षी संमेलनासाठी सेट भाड्याने येतो आणि भाडे विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून जाते. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही तिघांनी वरील रीतीने एका दुपारी तो जुळवला. खर्च झाला तो तेलाच्या बाटलीचा. माझे वडील एका सुपारीहून परतताना सभागृहात डोकावले, कडेकडेने बोटाने वाजवून पाहिले आणि एका बोल्टकडे बोट दाखवून म्हणाले, ‘ह्यो जरा उतरव.’ तो उतरवला.

चावी जिमखान्याच्या कपाटात, आतल्या बाजूच्या खिळ्याला टांगलेली आहे. वापरणाऱ्याने काम झाल्यावर ती तेथेच परत लावावी. ती दुसरी मिळणार नाही.