कामटी, कागद आणि थर्मोकोल : छोट्या विमानाचे धड

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या धसई गावाचे नाव डिसेंबर २०१६ मध्ये रोकडरहित व्यवहारांमुळे राज्यभर झाले. भातशेती हा या परिसराचा मुख्य व्यवसाय होय. कापणी व झोडणी आटोपली की मार्गशीर्षापासून पहिल्या पावसापर्यंत अनेक खाचरे मोकळी पडतात. रेडिओच्या लहरींनी चालणारे छोटे विमान उडवावयास याहून सोयीची जागा शहरात शोधून सापडणार नाही. बांबू विणणाऱ्या कारागिरांच्या हातची कामटी, दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यातून निघणारे थर्मोकोल, घरातील जुनी वृत्तपत्रे आणि सुताराकडचा प्लायवूडचा तुकडा एवढ्या साहित्यात अशा विमानाचे धड उभे राहू शकते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानप्रतिकृती बनविणे हा प्रशिक्षणाचाच एक भाग आहे. परंतु ज्या गावातील शाळेत अशी शाखा नाही, तेथील विद्यार्थ्यानेही हा विषय दुरूनच पाहावा असे मुळीच नाही.

विमानाचे धड म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घ्यावयास हवे. विमानाला हवेत तोलून धरतात ते पंख. धडाचे काम पंख, शेपटी व यंत्र यांना परस्परांपासून योग्य अंतरावर आणि योग्य कोनात धरून ठेवण्याचे. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो या तरुण फ्रेंच संशोधकाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान सुमारे ११ सेकंद स्थिरपणे उडवून दाखविले, त्याचे धड म्हणजे केवळ एक काठी होती. काठीने भागत असताना पेटीसारखे धड कशाला, असा प्रश्न साहजिकच पडेल. त्याचे उत्तर आतल्या सामानात आहे. बॅटरी, ग्राहक यंत्र, मोटरचा वेग राखणारे नियंत्रक आणि सुकाणू हलविणाऱ्या दोन छोट्या मोटरी एवढा ऐवज धडात बसतो. धड काही रुपयांचे, तर आतील यंत्रणा काही हजारांची असते. पहिल्या काही उड्डाणांत विमान पडणार हे गृहीतच धरावयाचे. तेव्हा धड मोडले तरी चालेल, पण यंत्रणा वाचली पाहिजे, या हिशेबाने त्याची रचना करावी.

नवशिक्यासाठी एक मीटर लांबीचा आणि १८ सेंटिमीटर रुंदीचा पंख योग्य ठरतो. त्यास साजेसे धड सुमारे ७२ सेंटिमीटर लांब असावे. नाकापासून पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत १८, पंखाखाली १८ आणि तेथून शेपटीच्या टोकापर्यंत ३६ सेंटिमीटर अशी वाटणी करावी. पंखाजवळ धड ७ सेंटिमीटर रुंद व ९ सेंटिमीटर उंच ठेवून शेपटीकडे निमुळते करावे. दोन बाजू, तळ व माथा असे चार तुकडे एक सेंटिमीटर जाडीच्या थर्मोकोलातून धारदार पात्याने कापावेत. दोन्ही बाजू एकमेकींवर ठेवून ताडून पाहाव्यात. त्यांत फरक राहिला तर धड वाकडे होते आणि पुढे कितीही सुकाणू फिरविले तरी विमान एकाच अंगाला ओढत राहते.

परदेशी पुस्तकांत यासाठी बाल्सा हे लाकूड सुचविलेले असते. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील. ते हलके खरे, तथापि त्याचे वजन घनमीटरला साधारणतः १६० किलो भरते. खोक्यातील थर्मोकोल २० किलोच्या आसपास असते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्मोकोलच्या ताटवाट्या व सजावटीच्या वस्तूंवर बंदी आली. म्हणून नवे तक्ते न आणता टाकाऊ वेष्टनच वापरणे उचित होय. थर्मोकोलात एक दोष मात्र आहे. ते दाब सोसते, पण ताण सोसत नाही. वाकविले की ताणलेल्या बाजूने तुटते. ही उणीव बांबू भरून काढतो. तीन मिलिमीटर जाडीच्या चार कामट्या धडाच्या चारही कोपऱ्यांत आतून लांबीच्या दिशेने चिकटवाव्यात. कामटी तासताना आतला मऊ गर काढावा व पाठीचा चिवट भाग राखावा. पतंग बांधणाऱ्या मुलांना हे सांगावयास नको.

चिकटविण्याच्या बाबतीत अनेकांची फसगत होते. रबर वा चामडे चिकटविण्याच्या द्रवात जे द्रावक असते ते थर्मोकोल विरघळविते आणि पाहता पाहता तक्त्याला भोके पडतात. लाकूडकामाचा पांढरा फेव्हिकॉल सुरक्षित असतो. तो सावकाश वाळतो, त्यातही दोन थर्मोकोलांच्या मध्ये हवा पोहोचत नसल्याने अधिकच सावकाश. सांधे टाचण्यांनी व दोऱ्याने धरून रात्रभर तसेच ठेवावेत. घाईने उचललेले धड पिळले जाते आणि तो पीळ नंतर निघत नाही.

पिळाचा विचार आणखी एका कारणाने करावा लागतो. पोस्टकार्ड गुंडाळून, कडा चिकटवून नळी करावी व ती पिळून पाहावी. दाद देत नाही. तीच नळी लांबीने चिरून पुन्हा पिळावी. सहज पिळली जाते. धडाचेही तसेच आहे. बॅटरी घालण्यासाठी माथ्याला लांबलचक खिडकी कापली की पेटीची ताकद निघून जाते. म्हणून खिडकी बॅटरीपुरतीच ठेवावी, तिच्या पुढे व मागे पातळ प्लायवूडचे आडवे पडदे बसवावेत आणि शेपटीकडचा भाग चारही बाजूंनी बंद राखावा. शेवटी पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलने बाहेरून वृत्तपत्राचा एकच थर द्यावा. तो समोरासमोरच्या बाजूंना एकाच वेळी द्यावा, अन्यथा वाळताना आक्रसणारा कागद धडाला आपल्याकडे ओढतो.

मोटरसाठी नाकाशी तीन मिलिमीटर प्लायवूडचा पडदा लागतो. तो अगदी सरळ न बसविता दोन-तीन अंश खाली आणि दोन अंश उजवीकडे कललेला असावा. पंखा मागून पाहता उजवीकडे फिरत असेल तर विमान डावीकडे कलू पाहते, आणि मोटर जोरात चालली की नाक वर उचलते. या कलण्याने दोन्हींना आळा बसतो. नाकात हवा शिरण्यास छिद्र व मागे ती बाहेर पडण्यास त्याहून मोठे छिद्र ठेवावे, म्हणजे बॅटरी तापत नाही.

पंख धडाला कायमचा चिकटवू नये. धडातून आरपार दोन बांबूच्या काड्या घालून त्यांवर रबरी बंधांनी पंख बांधावा. विमान बांधाला धडकले तर पंख निखळून पडतो व दोन्ही वाचतात. सुकाणूंना जाणाऱ्या काड्या कामटीच्याच कराव्यात व टोकांना पोलादी तार दोऱ्याने बांधावी. ओढताना अशी काडी सरळ राहते, ढकलताना मात्र मध्ये वाकते. तिला मधोमध एका पडद्याच्या छिद्राचा आधार द्यावा.

वजनाच्या बाबतीत शेपटीवर कडक नजर हवी. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साडेचार ते साडेपाच सेंटिमीटरवर यावयास हवा. शेपटी त्या बिंदूपासून ४५ सेंटिमीटर मागे आणि बॅटरी १५ सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीला जादा झालेल्या १० ग्रॅमसाठी पुढे ३० ग्रॅम टाकावे लागतात. रंगाचा एक फाजील हात एवढ्यासाठीच टाळावा. मोकळे धड शंभर ग्रॅमच्या आत राहिले तर काम साधले असे समजावे.

मुंबईत चारकोप येथे इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान बांधले. ते फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. आकाराचा फरक प्रचंड असला तरी नियमांशी गाठ दोघांनाही पडतेच. शिक्षण वा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवावयाच्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचा २०२१ च्या ड्रोन नियमांत स्वतंत्र उल्लेख आहे. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांची मर्यादा आहे. आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते हे अधिकृत नकाशावर पाहूनच मैदानात जावे.

पहिल्या दिवशी मोटर चालवूच नये. सकाळी, डोंगराकडून वारा सुटण्यापूर्वी, धसकटे मऊ पडलेल्या खाचरात वाऱ्यासमोर उभे राहून विमान खांद्याच्या उंचीवरून हलकेच पुढे सोडावे. नाक खाली घालून आपटले तर बॅटरी थोडी मागे, वर उचलून थबकले तर थोडी पुढे सरकवावी. दहा-बारा पावलांवर ते सरळ उतरू लागले की बॅटरीच्या जागेवर पेन्सिलीने खूण करावी. मोटर जोडल्यानंतर पंख्यासमोर कोणीही उभे राहू नये आणि पडलेल्या विमानातील फुगलेली बॅटरी पुन्हा भारित करू नये. ती पेट घेते.