एकाच दोराला बांधलेली माणसे

प्रस्तावना

कारखाना असो, बचत गट असो, इमारतीचे बांधकाम असो किंवा गावातील एखादा उत्सव असो, कोणतेही मोठे काम एकट्याने होत नाही. त्यासाठी अनेक माणसे एकत्र यावी लागतात. या माणसांची भाषा, धर्म, वय, शिक्षण आणि स्वभाव सारखे असतातच असे नाही. अशा भिन्न माणसांना एका ध्येयाकडे कसे नेता येईल? १९६५ साली एव्हरेस्ट सर करणाऱ्या भारतीय मोहिमेने या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कृतीतून दिले. त्या मोहिमेचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला–
- १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमेची माहिती सांगता येईल;
- भिन्न पार्श्वभूमीच्या माणसांना एकत्र आणणाऱ्या नेतृत्वाचे गुण स्पष्ट करता येतील;
- पाठातील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करता येईल;
- संधी ओळखून त्यांची फोड करता येईल.

मूळ पाठ

एव्हरेस्ट हे जगातील सर्वांत उंच शिखर. त्याची उंची ८,८४८.८६ मीटर. २९ मे १९५३ रोजी एडमंड हिलरी आणि तेनसिंग नोर्गे यांनी या शिखरावर पहिले पाऊल ठेवले. त्यानंतर भारतीय गिर्यारोहकांनाही आपला संघ तेथे पोहोचावा, अशी आस लागली.

१९६० साली ब्रिगेडियर ग्यान सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम निघाली. सोनम ग्यात्सो, नरेंद्र कुमार आणि नवांग गोंबू हे तिघे शिखरापासून सुमारे २२० मीटरवर पोहोचले. परंतु वादळी वाऱ्यामुळे त्यांना परतावे लागले. १९६२ साली मेजर जॉन डायस यांच्या नेतृत्वाखाली दुसरी मोहीम गेली. या वेळी सोनम ग्यात्सो, हरी डांग आणि मोहनसिंग कोहली हे तिघे वर चढले. शेवटच्या छावणीत त्यांनी सलग तीन रात्री काढल्या. त्यांपैकी दोन रात्री त्यांना प्राणवायूच्या नळकांड्यांविना काढाव्या लागल्या. शिखर अवघे १३० मीटर उरले असताना त्यांनाही माघार घ्यावी लागली. हातातोंडाशी आलेला घास दुसऱ्यांदा गेला.

तिसऱ्या मोहिमेचे नेतृत्व याच कोहलींकडे सोपवण्यात आले. कोहली हे नौदलातील अधिकारी. आज पाकिस्तानात असलेल्या हरिपूर येथे त्यांचा जन्म झाला होता. उपनेते होते नरेंद्र कुमार. १९६१ साली नीलकंठ शिखराच्या मोहिमेत हिमदंशामुळे त्यांनी पायाची चार बोटे गमावली होती. तरीही त्यांनी डोंगराकडे पाठ फिरवली नाही.

या संघात एकवीस सदस्य आणि पन्नास शेर्पा गिर्यारोहक होते. अवतारसिंग चीमा आणि एच. पी. एस. अहलुवालिया हे लष्करातील अधिकारी, सी. पी. व्होरा भूवैज्ञानिक, तर गुरदयाल सिंग शाळेतील शिक्षक होते. सोनम ग्यात्सो सिक्कीमचे, सोनम वांग्याल लडाखचे. नवांग गोंबू हे तेनसिंग यांचे भाचे आणि दार्जिलिंगच्या हिमालयीन गिर्यारोहण संस्थेतील प्रशिक्षक. शीख, हिंदू, बौद्ध. सैनिक आणि नागरिक. पहाडात वाढलेले आणि मैदानी प्रदेशातून आलेले असे सारे जण या संघात होते. त्यांची मातृभाषा एक नव्हती, आहार एक नव्हता, प्रार्थनाही एक नव्हती.

एव्हरेस्टची चढाई ही केवळ दोघा-तिघांची चढाई नसते. त्या मोहिमेचे सुमारे पंचवीस टन सामान आठशे हमालांनी पाठीवरून वाहून नेले. पुढे खुंबूच्या हिमप्रपातातून वाट काढावी लागली. तेथे बर्फाचे प्रचंड कडे सतत सरकत असतात आणि आज बांधलेली वाट उद्या नाहीशी होते. एकावर एक छावण्या उभारत अन्न, तंबू आणि प्राणवायू वर पोहोचवावे लागले. सुमारे साडेआठ हजार मीटर उंचीवरच्या शेवटच्या छावणीत दोन माणसे एक रात्र झोपू शकतात, ती खाली अनेकांनी ओझी वाहिलेली असतात म्हणून. यातील एक दुवा निखळला, तर शिखर दूरच राहते.

एप्रिलच्या अखेरीस पहिला प्रयत्न झाला. हवामान बिघडले. संघ तळावर परतला. तेथे सुमारे दोन आठवडे वाट पाहण्यात गेले. हे थांबणे सोपे नव्हते. हिवाळी वारे ओसरल्यानंतर आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी, मे महिन्यातील मोजके दिवसच या शिखरावर चढाईला अनुकूल असतात. प्रत्येक दिवसागणिक संधी निसटत होती. दोन मोहिमांचे अपयश पाठीशी होते. उतावीळपणे वर गेले असते, तर माणसे गमावण्याची भीती होती. आणि फार थांबले असते, तर पावसाळ्याने वाट अडवली असती. अशा काळात नेत्याच्या संयमाचा कस लागतो आणि संघाच्या विश्वासाचाही.

अखेर आकाश निवळले. २० मे १९६५ रोजी चीमा आणि गोंबू शिखरावर पोहोचले. गोंबू १९६३ साली अमेरिकी मोहिमेबरोबरही तेथे गेले होते. त्यामुळे एव्हरेस्टवर दोनदा चढणारे ते जगातील पहिले गिर्यारोहक ठरले. २२ मे रोजी सोनम ग्यात्सो आणि सोनम वांग्याल पोहोचले. एक बेचाळीस वर्षांचा, तर दुसरा तेवीस वर्षांचा. १९६० आणि १९६२ या दोन्ही मोहिमांत माघारी फिरलेल्या ग्यात्सोंचे स्वप्न तिसऱ्या खेपेस पुरे झाले. २४ मे रोजी व्होरा आणि आंग कामी, तर २९ मे रोजी अहलुवालिया, हरिश्चंद्र रावत आणि फू दोर्जी शिखरावर उभे राहिले. तीन गिर्यारोहक एकाच वेळी तेथे उभे राहण्याची ती पहिलीच वेळ होती.

एकाच मोहिमेत नऊ जण शिखरावर पोहोचले. हा विक्रम पुढे सतरा वर्षे अबाधित राहिला. चारपैकी तीन तुकड्यांत शेर्पा गिर्यारोहक होते. शिखराच्या वाटेवर सारे जण एका दोराला बांधलेले असतात. एकाचा पाय घसरला, तर दुसऱ्याने त्याला सावरायचे असते. त्या दोराला कोण कोणत्या गावचा, कोणत्या हुद्द्याचा, हे ठाऊक नसते.

शेवटच्या तुकडीने शिखरावर जे केले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. अहलुवालियांनी तेथे गुरू नानकांचे चित्र ठेवले, रावत यांनी दुर्गादेवीचे चित्र ठेवले आणि फू दोर्जी यांनी बुद्धाचा पवित्र अवशेष ठेवला. आपली श्रद्धा सोडून कोणी वर आले नव्हते. प्रत्येकाने आपली श्रद्धा बरोबर आणली आणि ती दुसऱ्याच्या श्रद्धेशेजारी ठेवली.

या नऊ जणांत एक नाव मात्र नाही. ते म्हणजे नेते कोहली यांचे. तीन वर्षांपूर्वी ते शिखरापासून १३० मीटरवरून परतले होते. शिखराची ओढ त्यांना इतर कोणाहून कमी असण्याचे कारण नव्हते. तरीही ते स्वतः शिखरावर गेले नाहीत. एकामागून एक चार तुकड्या वर पाठवणे आणि त्या सुखरूप खाली आणणे, हेच त्यांनी आपले काम मानले. संघातील अनेकांच्या वाट्याला शिखर आले नाही. पण ज्याच्या मनात ते तीन वर्षे सलत असावे, तोच मागे थांबला, तेव्हा मागे थांबण्यात कमीपणा आहे असे म्हणायला कोणालाही जागा उरली नाही.

त्या वर्षीचा अर्जुन पुरस्कार संपूर्ण संघाला देण्यात आला. शिखरावर पोहोचलेले नऊ जण आणि खाली राहिलेले सदस्य असा भेद त्यात करण्यात आला नाही. २०२५ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी कोहली यांचे निधन झाले. त्यांनी एव्हरेस्टवर पाऊल ठेवले नव्हते. पण एव्हरेस्टवरील भारतीय यशाचा इतिहास त्यांच्या नावावाचून सांगता येत नाही.

शब्दार्थ

हिमदंश – अतिथंडीमुळे शरीराचा भाग गोठून निकामी होणे
हिमप्रपात – उतारावरून खाली सरकणारे, भेगांनी भरलेले बर्फ
दुवा – साखळीतील कडी, जोडणारा भाग
निवळणे – स्वच्छ होणे
अबाधित – न मोडलेला, कायम

चला, समजून घेऊ

सर्वांना एकसारखे करणे म्हणजे एकी, असा समज पुष्कळदा असतो. या मोहिमेत तसे घडले नाही. शेर्पांचे पर्वतज्ञान, सैनिकांची शिस्त, ज्येष्ठांचा अनुभव आणि तरुणांचे बळ यांपैकी प्रत्येक गुणाला आपापली जागा मिळाली. नेत्याने तीन गोष्टी सांभाळल्या. पहिली, भिन्न गुणांच्या माणसांच्या जोड्या जुळवल्या. दुसरी, यशाची घाई असतानाही माणसांचे प्राण पणाला लावले नाहीत. तिसरी, श्रेयाच्या जागी स्वतःला पुढे केले नाही. तुमच्या कामाच्या ठिकाणी निरनिराळ्या प्रांतांतून आलेली माणसे असतील. त्यांच्याकडून आपण काय शिकू शकतो, याचा विचार करा.

पाठगत प्रश्न

१. १९६५ च्या मोहिमेचे उपनेते कोण होते?
२. एप्रिलअखेरच्या प्रयत्नानंतर संघ तळावर का परतला?
३. एव्हरेस्टवर दोनदा चढणारे जगातील पहिले गिर्यारोहक कोण?

भाषाभ्यास

(अ) पुढील वाक्प्रचारांचे अर्थ पाहा व वाक्यांत उपयोग करा.
हातातोंडाशी आलेला घास जाणे – मिळत आलेली गोष्ट ऐनवेळी न मिळणे
पाठ फिरवणे – दूर जाणे, नाकारणे
कस लागणे – खरी परीक्षा होणे

(आ) 'गिर्यारोहण' या शब्दाची फोड गिरि + आरोहण अशी होते. इ + आ यांचा 'या' होतो. ही स्वरसंधी होय. याप्रमाणे 'हिमालय' आणि 'इत्यादी' या शब्दांची फोड करा.

पाठान्त प्रश्न

१. 'एव्हरेस्टची चढाई ही केवळ दोघा-तिघांची चढाई नसते', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. शेवटच्या तुकडीने शिखरावर केलेल्या कृतीतून कोणता विचार व्यक्त होतो?
३. कोहली शिखरावर गेले नाहीत. त्यांचा हा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
४. भिन्न भाषा किंवा धर्माच्या माणसांनी मिळून पूर्ण केलेल्या, तुम्ही पाहिलेल्या एखाद्या कामाविषयी दहा ओळी लिहा.

उत्तरे

पाठगत प्रश्न : १. नरेंद्र कुमार २. हवामान बिघडल्यामुळे ३. नवांग गोंबू
भाषाभ्यास (आ) : हिम + आलय, इति + आदी