कोठे थांबायचे? : मूळ संख्येची पारख



बाहेरगावाहून सोलापुरातील एखाद्या घरी किंवा कचेरीत तारेच्या दूरध्वनीवर फोन करायचा असेल, तर आधी ०२१७ हा सांकेतांक लावावा लागतो. सुरुवातीचे शून्य सोडून द्या. उरते २१७. ही संख्या मूळ आहे की संयुक्त? पुढे वाचण्यापूर्वी तुमचे उत्तर एका कागदावर लिहून ठेवा.

आमच्या शेजारी दोघे भावंडे राहतात. शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करणाऱ्या धाकट्याला मी हाच प्रश्न घातला. तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, “काका, मूळच की!”

“कशावरून रे?”

“सम नाही. शेवटी ५ किंवा शून्य नाही. अंकांची बेरीज १०, म्हणजे ३ नेही भाग जात नाही. मग राहिलं काय?”

राहिले होते ७. २१७ म्हणजे २१० अधिक ७, अर्थात ७ × ३१. संख्या संयुक्त निघाली.

त्याच्या थोरल्या बहिणीला मी सांगलीचा सांकेतांक दिला : २३३. ती सावध मुलगी. तिने २ पासून सुरुवात केली आणि १७, १८, १९ असे करीत भागाकारांनी पान भरून टाकले. “कुठपर्यंत जाणार?” असे विचारताच ती म्हणाली, “निम्म्यापर्यंत, म्हणजे ११६ पर्यंत.” तिचे उत्तर बरोबर आले असते, पण शिष्यवृत्तीच्या एका प्रश्नपत्रिकेत ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ७२ सेकंद! तेवढ्यात हे कसे जमावे?

भाऊ फार लवकर थांबला, बहीण थांबायलाच तयार नव्हती. मूळ संख्या ओळखण्याचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे : कोठे थांबायचे?

प्रथम व्याख्या स्पष्ट करून घेऊ. ज्या संख्येला १ आणि ती संख्या स्वतः असे नेमके दोनच विभाजक असतात, ती मूळ संख्या. १ ला एकच विभाजक आहे, म्हणून १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही. २ ही एकमेव सम मूळ संख्या. हे दोन मुद्दे परीक्षेत हमखास विचारले जातात.

आता शाळेच्या मैदानावरील कवायत डोळ्यांसमोर आणा. २१७ मुले ७ समान रांगांत उभी राहू शकतात, प्रत्येक रांगेत ३१. मात्र २३३ मुलांच्या समान रांगा करू गेलात, तर काही केल्या जमत नाही. एकाच लांबलचक ओळीत सर्वांना उभे करा, नाही तर कोणीतरी उरणारच. मूळ संख्या म्हणजे जिचा आयत होत नाही अशी संख्या.

या आयताच्या कल्पनेतच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ३६ चे आयत पाहा : २ × १८, ३ × १२, ४ × ९, ६ × ६. यापुढे ९ × ४, १२ × ३ हे तेच आयत आडवे केलेले! नवीन काहीच मिळत नाही. विभाजक नेहमी जोडीने येतात. जोडीतील एक वाढला की दुसरा घटतो आणि दोघांची गाठ पडते ती वर्गमुळापाशी. जोडीतील दोन्ही विभाजक वर्गमुळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत. तसे असते तर त्यांचा गुणाकार मूळच्या संख्येपेक्षा मोठा झाला असता. म्हणून संख्या संयुक्त असेल, तर तिचा निदान एक विभाजक वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान सापडलाच पाहिजे. तेथवर सापडला नाही, तर पुढे शोधणे व्यर्थ.

शिवाय सगळ्या संख्यांनी भागण्याचेही कारण नाही. २ ने भाग जात नसेल तर ४, ६, ८ ने कोठून जाणार? तेव्हा केवळ मूळ संख्यांनी भागून पाहावे.

आता २३३ कडे वळू. १५ चा वर्ग २२५ आणि १६ चा वर्ग २५६. म्हणजे १५ पर्यंतच्या मूळ संख्या पुरेत : २, ३, ५, ७, ११, १३. पहिल्या तिघींचा निकाल नुसत्या नजरेने लागतो. पुढे भागाकार मांडत बसू नका; ओळखीची पट वजा करा. २३३ = २१० + २३, पण २३ ला ७ ने भाग जात नाही. २३३ = २२० + १३, पण १३ ला ११ ने भाग जात नाही. २३३ = २६० − २७, पण २७ ला १३ ने भाग जात नाही. संपले! २३३ मूळ आहे. भागाकार ११६ पर्यंत नव्हे, अवघे सहा.

पुढील कोष्टक वहीत उतरवून घ्या :

संख्या २५ पेक्षा लहान : २, ३ ने तपासा.
४९ पेक्षा लहान : शिवाय ५ ने.
१२१ पेक्षा लहान : शिवाय ७ ने.
१६९ पेक्षा लहान : शिवाय ११ ने.
२८९ पेक्षा लहान : शिवाय १३ ने.
३६१ पेक्षा लहान : शिवाय १७ ने.

यातील २५, ४९, १२१ या संख्या म्हणजे ५, ७, ११ या मूळ संख्यांचे वर्ग होत, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल. शंभरच्या आत २, ३, ५ या तिन्हींना चकवून जाणाऱ्या संयुक्त संख्या फक्त तीन : ४९, ७७ आणि ९१. त्यातील ९१ ने (७ × १३) शाळकरी वयात माझेही गुण घेतले आहेत. ५१, ५७ आणि ८७ याही मूळ भासतात, पण अंकांची बेरीज करताच त्यांचे सोंग उघडे पडते.

एका गैरसमजापासून सावध राहा. २ आणि ३ वगळता प्रत्येक मूळ संख्या ६ च्या पटीहून एकने कमी किंवा एकने जास्त असते, हे खरे. पण अशी प्रत्येक संख्या मूळ असते, हे खरे नाही. २१७ म्हणजे ६ × ३६ + १ च आहे! नियम उलटा फिरवताना तो पुन्हा सिद्ध करावा लागतो.

एक युक्तीही सांगतो. संख्या एखाद्या वर्गाच्या किंचित खाली असेल, तर दोन वर्गांची वजाबाकी करून पाहा. ३९१ = ४०० − ९ = २०² − ३², म्हणून १७ × २३. ८९९ = ३०² − १², म्हणून २९ × ३१. युक्ती साधली तर वेळ वाचतो. न साधली तर संख्या मूळ आहे असे मात्र समजू नका.

ही रीत कितीही मोठ्या संख्येला लागू पडेल काय? तत्त्वतः होय. पण १०० अंकी संख्येचे वर्गमूळच ५० अंकी. सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणारा संगणक घेतला, तरी विश्वाच्या आजवरच्या वयात ते काम पुरे होणार नाही. आणि अशा प्रचंड मूळ संख्या तर संगणकावरील संदेश गुप्त राखण्यासाठी लागतात. मग भागाकार न करता संख्या पारखण्याच्या निराळ्या रीती शोधल्या गेल्या. त्यांतील काही झटपट असत, पण निर्विवाद खात्री देत नसत. खात्रीची आणि अंक वाढले तरी वेळ आटोक्यात ठेवणारी रीत २००२ साली आपल्या देशातच सापडली. कानपूरच्या आय. आय. टी.तील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे तरुण विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ती शोधली. कयाल आणि सक्सेना यांची पदवी नुकतीच पूर्ण झाली होती. तुमच्याहून ते काही फार मोठे नव्हते.

आता थोडा सराव. हेही सांकेतांकच आहेत : जळगाव २५७, नाशिक २५३, कोल्हापूर २३१, अहिल्यानगर २४१, अमरावती ७२१. यांतील मूळ कोणते? प्रत्येक वेळी भागाकार करण्यापूर्वी कोठे थांबायचे ते कागदाच्या कोपऱ्यात लिहा. ज्यांना हुरूप असेल त्यांनी सोलापूरचे ४१३००१ आणि ४१३००३ हे दोन पिनकोडही तपासावेत. एक नजरेत निकाली निघतो, दुसऱ्याला थोडी चिकाटी हवी.

उत्तरे : २५७ आणि २४१ मूळ. २५३ = ११ × २३; २३१ = ३ × ७ × ११; ७२१ = ७ × १०३. ४१३००१ ला ९ ने नि:शेष भाग जातो. ४१३००३ = १९ × २१७३७.