हाताने ढवळू नकोस

धुळे

चि. सुनील यास मामाचे अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. म्हणाली, कपाशीला फवारा चाललाय, पोरगं चार औषधं एकाच बादलीत ओततं आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळतं. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही माझा. हे खरं असेल तर आजच थांबव.

2017 चा पावसाळा आठव. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले. कपाशी माणसाएवढी वाढली होती, फवारा तोंडावरच यायचा. धरणगावकडे तुझीही कपाशी यंदा उंच आहे म्हणे.

अकरावीत निलंबन, कलिल, द्रावण तू घडाघडा म्हणायचास. तेच आता तुझ्या बादलीत आहे. डब्ल्यूपी लिहिलेली पावडर विरघळत नाही. कण थोडा वेळ तरंगतात आणि तळाशी बसतात. ते निलंबन. ढवळलं नाही तर नोझल तुंबतं, एका ओळीला औषध जास्त तर दुसरीला कमी. म्हणून ढवळायचंच, पण लांब काठीने! ईसी ओतलं की तेलाचे बारीक थेंब पसरून पाणी दुधासारखं होतं, ते कलिलाच्या जातीचं. एसएल मात्र पूर्ण विरघळतं. बसत नाही, गाळून निघत नाही, बॅटरीचा झोत टाकला तरी त्याची वाट दिसत नाही. मला धास्ती याचीच. पांढऱ्या पाण्याला माणूस बिचकतो, नितळ पाण्यात बेलाशक हात घालतो. मोनोक्रोटोफॉस 36 टक्के एसएल असंच होतं, डब्यावर लाल त्रिकोण असायचा. असलं औषध कातडीतूनही अंगात भिनतं.

औषधं एकत्र करायचीच असतील तर आधी काचेच्या बरणीत थोडी थोडी मिसळ, अर्धा तास ठेव. फुटली, गाळ धरला, बरणी गरम लागली तर फेकणंच बरं. आणि नीट मिसळली तरी ती विषंच आहेत रे.

मी जळगावला मू. जे. कॉलेजात होतो तेव्हा सुटीत ओट्यावर पुस्तक घेऊन बसायचो. आमचे आबा तोंडाला रुमाल बांधून एकटे पंप मारायचे, संध्याकाळी डोकं धरून निजायचे. रुमालाने काय अडणार? उलट ओला झाला की तेच औषध तोंडाशी. हे मला ठाऊक होतं, पण उठून त्यांना सांगावं असं कधी वाटलं नाही. आबा गेले, ते सांगणं राहूनच गेलं.

रागाने लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस. भाऊजींच्या मागे एवढ्या वयात शेत ओढतोस, ताईला सांभाळतोस, याचा मला किती अभिमान आहे ते तोंडावर कधी बोललो नाही.

रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क एसटीने पाठवतोय. वारा पाठीशी ठेव. मळमळलं, दरदरून घाम सुटला, अंधुक दिसलं तर डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठ. सामान हाती पडेपर्यंत मात्र पंप खांद्यावर घेऊ नकोस बाळा, आणि पत्र मिळताच मला फोन कर.

तुझा मामा